सव्वा मूठ गहू

नागपंचमी उलटली की पुढच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, धुळे या पट्ट्यात दिवाळीला न फिरकणारा माणूसही कानबाईच्या रोटांना गावी येतो. कोणी सुरतेच्या कापड कारखान्यांतून येतो, कोणी पुण्या-मुंबईहून. रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, परक्याला द्यायचे नसतात, त्यामुळे येण्यावाचून गत्यंतर नसते. या रोटांच्या गव्हाला आमच्या घरी पायली, शेर किंवा किलो यांतले कोणतेच माप चालत नसे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडत. माय एकेकाचे नाव घेई आणि मूठ सोडी. मग पुन्हा हात घालून तो वरचा पाव चिमटीत आणी. हा पाव म्हणजे किती, ते तिच्या हातालाच माहीत.

आम्ही शिक्षणासाठी पुण्याला गेलो आणि एका वर्षी परीक्षेमुळे रोटांना येणे जमले नाही. त्या वर्षीही आमच्या नावाची सव्वा मूठ सुपात पडली होती, हे आम्हांला फार उशिरा, धाकट्या बहिणीकडून कळले. त्या वेळी आम्ही पुण्यात आमटीतल्या गुळाविषयी तक्रार करीत होतो.

'आईच्या हातची चव' हा शब्दप्रयोग मराठीत आता इतका सरावाचा झाला आहे की तो खानावळींच्या पाट्यांवर आणि मसाल्यांच्या पुड्यांवरही वाचायला मिळतो. सरावाची गोष्ट पुरातन वाटू लागते. पण लेखी मराठीत मुलाने, म्हणजे पुरुषाने, आईच्या हातच्या अन्नासाठी झुरणे ही भावना फार जुनी नसावी, असा आमचा समज आहे. तिचे वय शंभर-सव्वाशे वर्षांहून फारसे अधिक भरणार नाही. त्याचे कारणही साधे आहे. आठवण यायची तर आधी दुरावा हवा, आणि पूर्वीच्या शेतकरी घरात मुलगा घर सोडीत नसे. घर सोडून जाई ती मुलगी.

म्हणून मुलींकडे ही भावना शतकानुशतके होती आणि तिला शब्दही होते. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या अन्नपाण्याचे संदर्भ किती येतात, हे ज्यांनी ओव्यांची संकलने चाळली आहेत त्यांना सांगायला नको. खान्देशात तर या झुरण्याला पंचांगातला एक दिवसच मिळाला आहे. अक्षय्य तृतीया, आमच्याकडची आखाजी. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. जुन्या शेतव्यवहारात सालदाराचे साल याच दिवशी संपे आणि नवे याच दिवशी ठरे. म्हणजे सालदार आणि सासुरवाशीण, दोघांनाही वर्षातून एकदा मोकळीक देणारा हा सण. त्या दिवशी चुलीवर खापर चढते आणि आमरसाबरोबर पुरणाचे मांडे होतात.

खापर म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे पसरट भांडे. शब्द संस्कृतातल्या 'खर्पर'वरून आलेला. पुरण भरलेला, सैल मळलेला उंडा पोळपाटावर लाटायचा नाही. दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत येईल इतका वाढवायचा आणि एका झोक्यात खापरावर टाकायचा. मांडा ही आमच्या स्वयंपाकातली एकमेव अभिजात वस्तू म्हणावी लागेल, कारण तिला वाङ्मयीन कुळ आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मंडक आहेत. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. मनात मांडे खाण्याची सोय तर भाषेनेच करून ठेवली आहे. पण ज्या कळण्याच्या भाकरीवर आमचे घर वर्षाचे तीनशे दिवस जगले, तिला असे कुळ कोणी दिले नाही. सणाचे अन्न ग्रंथात जाते. रोजचे अन्न पोटात जाते आणि तिथेच संपते.

मुलांचे घर सोडणे सुरू झाले ते आगगाडीने. १८६०च्या दशकात जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा करीत भुसावळपर्यंत आला. भडगाव गिरणेच्या काठावर, रुळांपासून बाजूला राहिले. आम्हांला जवळचे स्टेशन कजगावचे. रुळांवरून आधी कापूस गेला, मग माणसे गेली. मुंबईच्या गिरण्या, रेल्वेची नोकरी, कचेऱ्या, शाळा. याआधी मुलगे घर सोडीतच नसत असे नाही. लष्करात जात, बैल घेऊन व्यापाराला जात, आणि ब्राह्मण घरांतले विद्यार्थी पुण्यात माधुकरी मागून शिकत. पण ते थोडे होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून गिरगावात आणि पुण्यात ज्या खानावळी फुलल्या, त्यांनी पहिल्यांदा हजारो पुरुषांना एकाच वेळी परक्या हातचे, पैसे मोजून घेतलेले अन्न जेवू घातले. आईचे अन्न 'आईचे' म्हणून वेगळे ओळखू येण्यासाठी खानावळीचे अन्न आधी जेवावे लागले.

या भावनेला मराठीत सर्वांत मोठे घर दिले ते साने गुरुजींनी, आणि त्या घराच्या पायाचा एक दगड खान्देशातला आहे. गुरुजी कोकणातले, पालगडचे. शिक्षणासाठी कोवळ्या वयातच बाहेर पडले. औंध, मग पुणे. १९१७ साली आई गेली तेव्हा ते पुण्यात शिकत होते, शेवटची भेट झाली नाही. पुढे १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. खेड्यापाड्यांतून आलेली मुले, त्यांची अंथरुणे, त्यांची आजारपणे, त्यांचे घराकडे लागलेले डोळे. रात्रीच्या वेळी मुलगा कशासाठी रडतो हे गुरुजींना तिथे रोज दिसत होते, आणि आपण स्वतः कधी कशासाठी रडलो हेही आठवत असणार. त्यानंतर सत्याग्रह, धुळ्याचा तुरुंग, १९३२ साली तिथे विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेणे, आणि मग नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत मोजक्या दिवसांत लिहिलेली 'श्यामची आई'. पुस्तक १९३५ साली आले. त्याच्या बेचाळीस रात्री एका आश्रमातल्या मुलांना सांगितल्या आहेत. आमच्या मते त्या आश्रमात अमळनेरच्या छात्रालयाची सावली आहे. आईविषयीचे मराठीतले सर्वांत वाचले गेलेले पुस्तक तुरुंगाचे अन्न खात लिहिले गेले, ही गोष्ट शाळेत शिकवताना आम्ही बहुधा विसरतो.

या पुस्तकातले 'अळणी भाजी' हे प्रकरण पुन्हा वाचून पाहावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सुचवतो. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता ती भाजी खातात, मुलांनाही बोलू देत नाहीत. आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. शिकवण्याच्या रिवाजात या प्रकरणाचे तात्पर्य वडिलांच्या संयमावर आणि दुसऱ्याचे मन न दुखवण्यावर येऊन थांबते. लेखकाचा रोखही तिकडेच आहे. पण कथा ज्या खुंटीवर टांगली आहे ती खुंटी वेगळी आहे. भाजी अळणी असल्याचे सगळ्यांत शेवटी कोणाला कळते? जिने ती केली तिला. ती चव घेत नाही, सगळ्यांच्या आधी घास घेत नाही, बरोबरही बसत नाही. पंक्ती उठल्यावर उरलेल्यातून वाढून घेते. ही व्यवस्था नसती तर ही कथा घडलीच नसती. गुरुजींनी ती व्यवस्था टिपली. तिच्यावर बोट ठेवले नाही. तेव्हाच्या काळात बहुधा ती कोणाच्याच डोळ्यांवर येत नव्हती. आमच्या घरी १९८०पर्यंत येत नव्हती, तर १९३३ची काय कथा!

याच्या अगदी उलट टोकाला खान्देशातलाच दुसरा ग्रंथ उभा आहे. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. 'कोसला' १९६३ची. पांडुरंग सांगवीकर पुण्याला वसतिगृहात राहतो, मेसच्या कारभारात हात घालून बसतो, आणि आईच्या भाकरीसाठी उसासे टाकत नाही. त्याच्या मनात ठाण मांडून बसले आहेत ते वडील. वसतिगृहातल्या खान्देशी मुलाचा उपरेपणा या कादंबरीत जितका खरा आहे तितका अन्यत्र नाही. फक्त तो जिभेवाटे येत नाही. आमच्या पिढीने दोन्ही पुस्तके एकाच खोलीत वाचली. दिवसा आम्ही पांडुरंग होतो आणि रात्री, दिवा मालवल्यावर, श्याम.

आमच्या खोलीची गोष्ट आता सांगायला हरकत नाही. १९८४ साली चाळीसगावला महाराष्ट्र एक्सप्रेस धरून आम्ही पुण्यात उतरलो. पिशवीत दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे लोणचे. तीन दिवसांत ते संपले. ज्या मेसमध्ये पुढची दोन वर्षे जेवलो तिचे नाव घेण्याचे कारण नाही. अन्न स्वच्छ होते, वाढणारे सज्जन होते. पण आमटीत गूळ होता, आणि त्या गुळाने आम्हांला आपण परमुलखात आहोत हे जितके स्पष्ट सांगितले तितके बोलीवरून हसणाऱ्या सहाध्यायांनीही सांगितले नाही. तिसऱ्या वर्षी पाचोरा आणि एरंडोलकडच्या दोन मित्रांबरोबर खोली घेतली, वातीचा स्टोव्ह घेतला आणि भाकरी थापायला बसलो. पहिल्या भाकरीचे तव्यावर पडेपर्यंत तीन तुकडे झाले होते.

आम्ही घरी पत्र घातले : कळणे कसे करतात ते कळवावे. मायला लिहिता येत नव्हते. तिने सांगितले आणि तेव्हा नववीत असलेल्या बहिणीने लिहून पाठवले. ते आंतर्देशीय पत्र आमच्याजवळ अजून आहे. व्यवसायाने भाषा शिकवणाऱ्या माणसाने ते एक दस्तऐवज म्हणून वाचावे, असे ते आहे. बहिणीने मायची अहिराणी शाळेच्या मराठीत आणली. माय जिला 'कळनानी भाकर' म्हणत असणार, तिला पत्रात 'ज्वारी-उडदाची भाकरी' असे परकरी नाव मिळाले आहे. प्रमाण पुढीलप्रमाणे : 'ज्वारी जास्त, उडीद थोडे, मीठ अंदाजाने.' शेवटी मात्र बहिणीचा हात थकला असावा किंवा मायने हट्ट धरला असावा, कारण एक वाक्य जसेच्या तसे उतरले आहे : 'हातले समजस.' हाताला समजते.

आम्ही पुष्कळ दिवस या वाक्याच्या प्रेमात होतो. हाताचे ज्ञान, अक्षराच्या पलीकडची परंपरा वगैरे. निबंधही लिहिला होता, सुदैवाने तो कुठे छापून आला नाही.

कळण्यात सोलासकट अख्खे उडीद आणि ज्वारी मीठ घालून एकत्र दळतात. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नसतो, म्हणून नुसती ज्वारीची भाकरी नवशिक्याच्या हातात तडकते. उडीद तिला धरून ठेवतो. भाकरी काळपट होते, तिच्यावर सालींचे ठिपके दिसतात, आणि कच्च्या तेलात कालवलेला मिरचीचा ठेचा किंवा अंबाडीची भाजी तिच्याबरोबर असली की दुसरे काही लागत नाही. हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत. आम्ही आता चारास एक असे प्रमाण धरतो आणि ते बरे जमते. पण सुट्टीत घरी गेलो असता मायला हे प्रमाण सांगितले, तेव्हा ती हसली. तिने विचारले, उडीद पिकलेच नाहीत त्या वर्षी काय करशील?

तेव्हा उलगडले की 'अंदाज' हा शब्द आम्ही चुकीचा वाचत होतो. तिचा हात चवीचा हिशोब करीत नव्हता, कणगीचा हिशोब करीत होता. उडीद बरे आले त्या वर्षी कळणे काळे, कमी आले त्या वर्षी पांढरे. नव्या सुगीपर्यंत किती महिने आहेत, घरात किती तोंडे आहेत, सालदाराला किती द्यायचे आहे, पाहुणे किती येणार आहेत, हे सगळे त्या मुठीत मोजले जात होते. १९७२च्या दुष्काळाचे ती सांगे : शेतात काहीच नव्हते, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, दुष्काळी कामांवर सुकडी वाटीत. त्या वर्षी कळण्यात उडीद नव्हते आणि ज्वारीही नव्हती. नाव मात्र तिने बदलले नाही. मुलांना ताटात कळण्याचीच भाकरी आहे असे सांगत राहिली. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतो. आम्हांला ती भाकरी गोडसर आणि छान लागल्याचे आठवते. ज्या चवीसाठी आम्ही पुण्यात झुरलो तिच्यात त्या मिलोचाही वाटा असणार.

ज्या भागाचा आपण 'परंपरा' म्हणून गौरव करतो तोही किती वयाचा आहे ते पाहिले पाहिजे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. तिच्याआधीचा ठेचा कशाचा होता, विचार करायला जागा आहे. मकाही अमेरिकेचा, आणि त्याच्यावाचून आज आमच्या बट्ट्या होत नाहीत. भुईमूग खान्देशात मोठ्या प्रमाणावर पसरला तो विसाव्या शतकात. म्हणजे शेंगदाण्याची चटणी, शेंगतेल, भरतावर तळून टाकलेले दाणे हे सगळे आमच्या पणजीच्या सासूला ठाऊक नसावे. आज पुण्यात 'खान्देशी' अशी पाटी लागते आणि आत लालभडक तेलाचा तवंग असलेली शेवभाजी मिळते. ती आम्ही आवडीने खातो. पण ती ढाब्याची, पुरुषांची, रस्त्यावरची भाजी आहे. आमच्या घरात रात्री बहुधा तूरडाळीची साधी खिचडी असे, वरून तेलाची धार, बाजूला पापड. कधी वाफवलेले फुनके आणि कढी. त्याची पाटी कोण लावणार?

छापील पुस्तकांनी तरी ही नोंद केली का? मराठीतले पहिले छापील पाकशास्त्र, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', १८७५चे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आले, एक हजार पाकक्रियांचे. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि तिने वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत शिस्त आणली. तिचे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. आमटीला गूळ किती घालतात हे आम्ही शेवटी तिच्याकडूनच शिकलो आणि आता थोडा घालतोही. पण या पुस्तकांचे स्वयंपाकघर प्रामुख्याने पांढरपेशा, नगरवासी घराचे आहे. त्या घरात धान्य दुकानातून येते, म्हणून वाटीचे माप दरवर्षी तेच राहू शकते. ज्यांना तेही नव्हते त्यांच्या अन्नाचे पुस्तक यायला २०१५ साल उजाडले : शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म', मराठवाड्यातल्या दलित घरांच्या चुलींविषयी. ते वाचल्यावर आमच्या कळण्याचा आम्हांला वाटणारा वनवास बराच सुखाचा वाटू लागला. आमच्याकडे निदान कणगी होती.

खान्देशातल्या एका बाईचे शब्द मात्र वाचले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. शेत, चूल, जाते, माहेर हे त्यांच्या गाण्यांचे विषय. गाणी काम करता करता तोंडून निघत. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पीतांबर चौधरी यांनी जमतील तेवढी टिपून ठेवली. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी त्याच अत्र्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली. दोन वर्षांत दोन आया, आणि दोघींनाही लेखी मराठीत आणणारे मुलगे. कोणी टिपलेच नाही ते गेले. बहिणाबाईंच्या भाजीला फोडणी कशाची होती, हे सोपानदेवांनी लिहून ठेवले असते तर आपण ते वाङ्मय मानले असते का, हा प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात विचारतो. मुले हसतात. मुली सहसा हसत नाहीत.

आम्ही स्वयंपाक शिकलो तो आवडीने नव्हे, भुकेने. आवड मागून आली. कधी आली तेही सांगता येईल. मायच्या हाताला कंप सुटू लागल्यावर एका उन्हाळ्यात बिबडे करायला कोणी नव्हते, म्हणून आम्ही बसलो. ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, तीळ-लसूण घालून घाटा शिजवायचा. घाटा गॅसवर तासभर हाटावा लागतो. खांदे भरून येतात. लहानपणी आमचे काम एवढेच की वाटीत गरम घाटा घेऊन त्यावर तेल ओतून खायचे, आणि मग गच्चीवर पसरलेल्या बिबड्यांवरून कावळे हाकायचे. त्या कामाची आठवण आम्ही पुण्यात कितीदा रंगवून सांगितली असेल! त्या दिवशी मात्र हाटणारा हात आमचा होता. माय पलंगावर बसून सांगत होती. मध्येच आम्ही तिला विचारले, घाटा तुला आवडतो का? तिने आठवून पाहिले. मग म्हणाली की गरम असताना कधी खाल्ल्याचे ध्यानात नाही, तेव्हा हात गुंतलेले असत.

आम्ही वाटीत घाटा घेतला, तेल घातले आणि तिला दिला. तिने दोन घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

माय जाऊन आता बारा वर्षे झाली. कानबाईला आम्ही जातो. गहू वहिनी काढतात. त्यांची मूठ मायच्या मुठीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे रोट पूर्वीपेक्षा जास्त होतात आणि ते संपवताना भाऊबंद कुरकुरतात. तीन वर्षांपूर्वी पुतणीने, ती हैदराबादला नोकरी करते, सुपाजवळ बसून नावे मोजली आणि विचारले की माझे नाव कुठे आहे. आजीचे तरी होते का? अप्पा काकांनी घसा खाकरून काहीतरी सांगायला सुरुवात केली : मुलगी परक्या घरची, तिची मूठ तिच्या सासरी, आणि सासरी गेलेल्या बाईची मूठ... इथे ते थांबले, कारण सासरी गेलेल्या बाईची मूठ या हिशोबात कुठेच पडत नव्हती. वहिनींनी कोणाकडे पाहिले नाही. पुतणीचे नाव घेऊन एक मूठ सोडली, वरचा पाव सोडला, मग थोडे थांबून आणखी एक सव्वा मूठ सोडली आणि नाव घेतले नाही. सूप उचलून त्या आत गेल्या.